वाढलेली बरणी

लोणच्याची बरणी माझ्याच हातून गेली. मायच्या लग्नातली, पोट पांढरं, खांदे तपकिरी, डोक्यावर चिनी मातीचीच टोपी. पासष्ट-सहासष्ट उन्हाळे तिनं कैऱ्या सांभाळल्या, दोन घरं बदलली, आणि शेवटी एका निवृत्त मास्तरानं घरकामात मदत करायचं मनावर घेतलं तेव्हा तिचा निभाव लागला नाही. मी स्वयंपाकघरातूनच ओरडलो, “माये, बरणी फुटली!”

ओट्यावरच्या बाजेवरून उत्तर आलं, “फुटली म्हनू नाही बाबा. वाढली म्हन.”

एवढंच. कशी पडली, पायाला लागलं का, लोणचं किती होतं, काही नाही. आधी क्रियापद दुरुस्त केलं. माय शाळेत गेलेली नाही, पण व्याकरणाच्या बाबतीत आमच्या घरात शेवटचा शब्द तिचाच.

आपल्याकडे बांगडी फुटत नाही, वाढते. मंगळसूत्र तुटत नाही, वाढतं. नारळ वाढवतात, दुकान रात्री वाढवतात. मी तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवलं, त्यामुळे असल्या शब्दांकडे जरा संशयानंच बघत आलो. वस्तुमान वाढत नाही आणि घटतही नाही, हे फळ्यावर लिहून लिहून माझे खडू झिजले. पण त्या दिवशी खाली बसून तुकडे गोळा केले आणि सवयीनं मोजले. तेवीस भरले. होती एक, झाल्या तेवीस. मायचं चूक कसं म्हणणार?

फुटकं भांडं घरात ठेवू नये, हा आमच्या घरातला दुसरा नियम. बायकोनं दुसऱ्या दिवशी सकाळी बादली घंटागाडीपाशी पाठवली. मी ती तशीच परत आणून जिन्याखाली ठेवली. का, ते तेव्हा सांगता आलं नसतं. नोकरीतून मोकळा झालेला माणूस काहीही जिन्याखाली ठेवू लागतो.

आमच्या ओट्याचं दुखणं मात्र जुनं होतं. गावाकडच्या वाड्याला ढाळज होती. येणाऱ्याजाणाऱ्याचा पहिला चहा, पहिलं भांडण आणि पहिली सोयरीक तिथंच. हिंगोलीत घर बांधलं तेव्हा ढाळजेच्या नावानं हा दहा बाय सहाचा ओटा काढला आणि त्यावर कोबा केला. आमची जमीन काळी. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि तिच्या या श्वासोच्छ्वासाशी सिमेंटला काही देणंघेणं नसतं. चार वर्षांत कोब्यावर अशा भेगा पडल्या की नातीनं एकदा सुट्टीत त्यावर खडूनं नद्यांची नावं लिहिली. पूर्णा, पैनगंगा आणि मधे बारीकशी कयाधू. नकाशा म्हणून तो बरा होता, बसायला नाही.

जिन्याखालची बादली आणि ओट्यावरच्या नद्या यांची गाठ माझ्या डोक्यात कधी पडली ते आठवत नाही. पण एका सकाळी मी जाहीर केलं, “ओट्यावर मोझॅक करायचं. तुकड्यांचं. स्वतःच्या हातानं.”

बायको म्हणाली, “मिस्त्रीला फोन करते.”

मिस्त्री माझाच विद्यार्थी. सातवीत शेवटच्या बाकावर बसायचा, खिडकीच्या बाजूनं. त्या काळी माझी एक खोड होती. पोराचं उत्तर चुकलं की मी जवळ जाऊन बोटाच्या पेरानं त्याच्या डोक्यावर ठकठक करायचो, कान लावायचो आणि वर्गाला सांगायचो, “पोकळ वाजतंय.” वर्ग हसायचा. मला तो विनोद वाटायचा. मिस्त्रीच्या डोक्यावर तो जरा जास्त वेळा झाला असावा. पण पोरगं मनात ठेवणारं नव्हतं. आता त्याच्या हाताखाली सहा माणसं आहेत, आणि रस्त्यात दिसलो की गाडी थांबवून नमस्कार करतो.

मोझॅक म्हटल्यावर तो म्हणाला, “म्हंजी ती सरकारी हापिसात असती ती? बारीक चिप्सची? तिला आता मशीन मारणारं कोन गावना गुरुजी.”

चूक त्याची नव्हती. आपल्याकडे मोझॅक म्हणजे तीच करडी-हिरवी फरशी. तहसील, दवाखाना, बसस्थानक, शाळेचं कार्यालय. सिमेंटात संगमरवराची खडी घालून घासलेली. तिच्यावर उभं राहून पिढ्यांनी दाखले मिळवले. मी त्याला बादली दाखवली. त्यानं आत डोकावलं आणि चेहरा उजळला. “मंग चायना मोझॅक म्हना की! गच्चीवर टाकताव तसं.”

तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी ज्याला कला म्हणत होतो, ते तो वीस वर्षं गच्च्यांवर करत आला होता. उन्हाळ्यात वरचा मजला भट्टी होऊ नये आणि पावसाळ्यात छत गळू नये म्हणून पांढऱ्या फुटक्या टाइल्सचे तुकडे सिमेंटात दाबून बसवायचे. ऊन परत आभाळाकडे पाठवायची ही आपली साधी, स्वस्त रीत. पुण्यात जन्मलेले वास्तुविशारद बाळकृष्ण दोशी यांनी १९८० च्या सुमारास अहमदाबादेत ‘संगाथ’ नावाचं आपलं कार्यालय बांधलं. त्याची कमानदार छपरं त्यांनी अशाच तुकड्यांनी मढवली. नंतर चित्रकार हुसेन यांच्या चित्रांसाठी जमिनीखाली गुंफा केली, तिचे घुमटही तसेच. २०१८ साली दोशींना वास्तुकलेतला प्रित्झ्कर पुरस्कार मिळाला. आमच्या मिस्त्रीला अजून मागच्या गच्चीचे पैसे मिळायचे आहेत. तंत्र तेच.

ओट्याला तेवीस तुकडे पुरणार नव्हते. टाइलच्या दुकानात गेलो. मागं फुटीचा ढीग होता. दुकानदार म्हणाला, “न्या की गुरुजी, जागा मोकळी व्हईल.” मी त्या ढिगात तासभर बसलो. निळा वेगळा, मातकट वेगळा, हिरव्यातही डाळिंबी झाक असलेला वेगळा. माझी ही एकाग्रता पाहून त्याच्या मनात काय आलं कोण जाणे. दुसऱ्या दिवशी उरलेलं न्यायला गेलो तर तोच ढीग किलोवर गेला होता. फुकटच्या वस्तूकडे लक्ष देऊन बघितलं की तिला किंमत येते, हा नियम कुठल्याच विज्ञानाच्या पुस्तकात नाही.

कामाला सुरुवात झाली ती फोडण्यापासून. टाइल उघडी फोडली तर कपचा डोळ्यात जातो. ती ओल्या बारदानात गुंडाळायची आणि वरून हातोडीनं मारायचं. एक फटका दिला की तीन-चार तुकडे पडतात, तिथं थांबायचं. हे थांबणंच अवघड. पहिल्या दिवशी मी नोकरीतली सगळी परिपत्रकं आठवत हातोडी चालवली आणि निम्म्या टाइलचं पीठ केलं. मिस्त्री म्हणाला, “गुरुजी, तुकडे पायजेत. राग नको.”

बरणीचं वेगळंच त्रांगडं होतं. तिचे तुकडे वाकडे. बरणीचं पोट गोल, त्यामुळे तुकडा जमिनीवर ठेवला की होडीसारखा डुलायचा. उपाय मिस्त्रीनंच सांगितला: आणखी लहान करा. तुकडा अंगठ्याच्या नखाएवढा झाला की त्याची गोलाई कळेनाशी होते. पृथ्वी गोल असून आपलं अंगण सपाट का, हे पोरांना शिकवताना मी इतकं सोपं कधीच सांगितलं नव्हतं.

मग ओट्याची पाळी. जुन्या भेगा छिन्नीनं उकरून रुंद केल्या, धुतल्या आणि नव्या मालानं भरल्या. कारण खालची भेग झाकली तर ती वर येतेच, घरातल्या जुन्या अबोल्यासारखी. कोबा गुळगुळीत असतो, नवा माल त्याला धरत नाही, म्हणून सगळीकडे टाचे मारले. पाणी मारून तो भिजवला. एकास चार माल कालवला. आणि मग ढाळ. उघड्यावरच्या फरशीचं सगळं आयुष्य ढाळावर असतं. पाणी भिंतीकडं न येता अंगणात उतरलं पाहिजे.

मापाच्या बाबतीत आमच्या हिंगोली जिल्ह्याचं सध्या मोठं नाव आहे. औंढ्याजवळ लायगो-इंडिया ही वेधशाळा होऊ घातली आहे. चार-चार किलोमीटर लांबीचे दोन हात काटकोनात, आणि विश्वात कुठंतरी दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की त्या हातांच्या लांबीत पडणारा फरक ती मोजणार. फरक किती? प्रोटॉनच्या दहा हजाराव्या भागाहूनही कमी. २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं त्यासाठी सुमारे २६०० कोटी रुपये मंजूर केले. त्याच जिल्ह्यात आमचा मिस्त्री ओट्याच्या काठाला दोरी लावून म्हणाला, “इकडून दोन बोटं खाली घिऊ.”

मी विचारलं, “कुणाची बोटं?”

“ज्याची हायत त्याची.”

तरी त्याचा ढाळ बरोबर निघाला, हे इथं नोंदवून ठेवतो. पारदर्शक नळीत पाणी भरून त्यानं दोन टोकं पाहिली, एक सूत इकडं, अर्धं सूत तिकडं केलं आणि म्हणाला, “आता बसवा.” पण सगळा ओटा त्यानं मला दिला नाही. भिंतीच्या बाजूचा कोपरा, साधारण एका बाजेएवढा, माझा. बाकीचा त्याचा. कारण सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

माझ्या कोपऱ्यात मला बैल करायचा होता. बरणीच्या पोटाच्या पांढऱ्या तुकड्यांचं अंग, खांद्याच्या तपकिरी तुकड्यांची शिंगं आणि खूर, भोवती निळं. त्याखाली ‘या बसा’ ही अक्षरं. एवढी कारागिरी ओल्या मालावर वाकून करायची तर माल सुकतो आणि कंबर धरते. म्हणून मी दुसरी रीत निवडली. कागदावर चित्र काढायचं, त्यावर कणकेच्या खळीनं तुकडे पालथे चिकटवायचे, म्हणजे चकचकीत बाजू कागदाला. मग अख्खा कागद उचलून ओल्या मालावर उपडा दाबायचा, वरून कागद भिजवायचा आणि अलगद सोलायचा. या रीतीत सगळं उलटं उमटतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी आरशाचं प्रकरण तीस वर्षं शिकवलंय. म्हणून ‘या बसा’ ही अक्षरं मी आरशात बघून, घाम गाळून, बरोबर उलटी काढली.

पंधरा दिवस जेवणाच्या टेबलावर तो बैल पडून होता. आम्ही खाली बसून जेवत होतो. नातीनं विचारलं, “आबा, याला डोळा कुठला लावणार?” मी काळी टाइल शोधत होतो. माय बाजेवरून म्हणाली, “डोळा हिरवा घाल.”

बायकोनं डबीतून हिरव्या बांगडीचा तुकडा काढून दिला. दसऱ्याच्या प्रदर्शनात घेतलेली बांगडी, परवाच वाढलेली. मायनं तो हातात घेऊन उजेडात धरला, दोन्ही बाजूंनी पाहिला आणि परत दिला.

मला तेव्हा आठवलं, की कप, बशी, आरसा, बरणी, सगळ्यांना ‘वाढलं’ म्हणायला लावणाऱ्या या बाईच्या आयुष्यात एक दिवस असा आला होता, की तेव्हा कुणी वाढवा म्हटलं नव्हतं. बाबा गेले त्या दिवशी बायका म्हणाल्या, “फोडा.” ते क्रियापद त्या दिवसासाठीच राखून ठेवलेलं असतं, म्हणून तर बाकी वर्षभर ते तोंडात येऊ द्यायचं नसतं. मी थोरला मुलगा, विज्ञानाचा मास्तर, अंगणात उभा होतो. काही बोललो नाही. पुढं २०२२ साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीनं ही चाल बंद करायचा ठराव केला, ते वर्तमानपत्रात वाचलं, तेव्हा मी कात्रण कापून ठेवलं. ठराव करायला एक गाव लागलं. मला एक वाक्य जमलं नव्हतं.

डोळा हिरवा घातला.

बसवायचा दिवस उजाडला. मिस्त्रीनं माझ्या कोपऱ्यात माल पसरला, सारखा केला, वर सिमेंटचा पातळ घोळ फिरवला. आम्ही चौघांनी चार टोकं धरून बैल उचलला, उपडा केला, फळीनं हळूहळू ठोकून दाबला. अर्ध्या तासानं ओलं फडकं फिरवून कागद सोलला. ‘या बसा’ सरळ, ठसठशीत. मी मागं सरून कौतुकानं बघू लागलो, तोच बायको म्हणाली, “बैल का हो घराकडं पाठ करून उभा?”

अक्षरं मी उलटी काढली होती. बैल काढायचा राहून गेला होता. दाराकडं तोंड करून यायला हवा होता तो फाटकाकडं बघत होता आणि त्याचा पार्श्वभाग उंबऱ्याकडं होता. विज्ञानाच्या शिक्षकाच्या मते आरसा फक्त अक्षरांना लागू असतो, असं त्यातून सिद्ध झालं.

मी हबकलो. माय मात्र हसली. म्हणाली, “आवंढ्याला काय झालंय? तसंच की.”

औंढा नागनाथाची कथा आमच्याकडे सांगावी लागत नाही. नामदेव देवळासमोर कीर्तनाला उभे राहिले, पुजाऱ्यांनी त्यांना मागं पिटाळलं, ते मागं जाऊन गाऊ लागले, तर देऊळच त्यांच्याकडं तोंड करून फिरलं. नंदी तेवढा होता तिथंच राहिला. आजही औंढ्याला जा, नंदी देवळाच्या मागच्या बाजूला दिसतो. इतकी शतकं कुणी त्याला हलवलेलं नाही. आमच्या घराच्या नशिबी एवढं फिरणं नव्हतं म्हणून बैल फिरला, असा मायचा निकाल. आल्यागेल्याला आता ती हेच सांगते, आणि माझी चूक हळूहळू स्थानिक दैवतकथेत जमा होत चालली आहे.

राहिल्या होत्या सांधी. तुकड्यांमधल्या फटीत पांढरं सिमेंट भरायचं. मला वाटलं, पांढऱ्यापेक्षा पिवळं खुलेल. रंग विकत कशाला आणायचा? आपण हळदीच्या मुलखातले. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालेलं, हिंगोलीच्या बाजारात पोत्यांच्या थप्प्या. मी घरातली वाटीभर हळद पांढऱ्या सिमेंटात टाकली, पाणी घातलं आणि ढवळलं. घमेल्यात बघता बघता लालभडक चिखल झाला. ओट्यावर कुणीतरी कुंकवाचा करंडा लवंडल्यासारखा.

मिस्त्री हातातली थापी खाली ठेवून म्हणाला, “गुरुजी, तुमीच शिकवलं होतं की. हळदीचा कागद. आम्लात पिवळाच ऱ्हातो, चुन्याच्या पान्यात लाल व्हतो. शिमिटात चुनाच की.”

खिडकीच्या बाजूचा शेवटचा बाक. सातवीचं प्रकरण. त्याला आठवत होतं आणि मला नव्हतं. हळदीला चुना लावून कुंकू करतात हे आपल्या आज्यांनाही माहीत होतं. अख्ख्या परंपरेनं आणि अख्ख्या अभ्यासक्रमानं सांगितलेलं, ते मी एका वाटीत विसरलो. तरी हट्टानं माझ्या कोपऱ्यात तोच लाल माल भरला. हळदीचा रंग उन्हाला टिकत नाही हेही पुढं कळलं. महिन्याभरात लाली उडाली, आता त्या सांधी शिळ्या भाकरीच्या रंगाच्या आहेत. मिस्त्रीनं त्याच्या भागात साधं पांढरं भरलं, ओलं असतानाच बारदानानं पुसलं, नंतर जुन्या सुती साडीनं. पुसायला उशीर झाला की तुकड्यांवर सिमेंटचा धुरकट थर बसतो. तो फक्त माझ्या कोपऱ्यात बसला.

सात दिवस ओट्याला पाणी मारलं. सिमेंट वाळून पक्कं होत नाही, ओलं राहून होतं, हे मात्र मला आठवत होतं. नळाला पाणी येण्याच्या दिवशी बादल्या भरून ठेवायच्या, पोती भिजवून अंथरायची. बायको म्हणाली, “मोगरा चार वर्षं एवढ्या पाण्याला तरसला.” याच दिवसांत नांदेडहून साडू आले. पोती बाजूला केलेली, तुकडे उन्हात चमकत होते. फाटकातूनच म्हणाले, “आज झाडायचं राहिलं का?”

त्यांना मी सोससची गोष्ट सांगितली. ख्रिस्तपूर्व काळात पर्गामम नगरात सोसस नावाचा कारागीर होता. त्यानं जेवणघरासाठी अशी फरशी केली, की पंगत उठल्यावर झाडायचंच राहिलंय असं वाटावं. माशाचे काटे, खेकड्याच्या नांग्या, फळांच्या साली, सगळं बारीक तुकड्यांत, खाली सावल्यांसकट. रोमन लेखक प्लिनीनं तिचं वर्णन लिहून ठेवलं. तिच्या धर्तीवर रोममध्ये केलेली एक फरशी आज व्हॅटिकनच्या संग्रहालयात आहे, त्यात अक्रोड कुरतडायला आलेला उंदीरसुद्धा आहे. बार्सिलोनाच्या ग्वेल उद्यानातला नागमोडी बाक फुटक्या टाइल्सचा. चंदीगडला नेकचंद नावाच्या बांधकाम खात्यातल्या माणसानं जंगलात गुपचूप वर्षानुवर्षं फुटक्या कपबश्या आणि बांगड्यांची माणसं-प्राणी घडवले, आणि १९७६ साली ते उद्यान लोकांसाठी उघडलं. साडूंनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, “म्हणजे झाडायचं राहिलेलं नाही.” आणि चप्पल हातात घेऊन कडेकडेनं आत आले.

त्या संध्याकाळी एकटा बसलो असता मला आणखी एक शब्द छळू लागला. वाढणं ठीक, पण फुटण्यानं आपलं एवढं काय वाकडं केलंय? झाडाला पालवी फुटते. बीला कोंब फुटतो. पहाटे तांबडं फुटतं. गाईला पान्हा फुटतो, मुक्याला वाचा फुटते, दगडाला पाझर फुटतो. नवं काही यायचं तर मराठीत ते फुटूनच येतं. आपण या शब्दाला दारातून हाकललं, तो खिडकीतून पालवी, दूध आणि सूर्य घेऊन परत आला. हे मी मायला सांगितलं. ती म्हणाली, “झाडाचं येगळं.” आणि थोड्या वेळानं, “येगळं नसंल बी.”

आठव्या दिवशी मिस्त्री उरलेल्या हिशोबाला आला. पैसे घेण्याआधी ओट्यावर उकिडवा बसला आणि थापीच्या लाकडी मुठीनं एकेक तुकडा ठोकू लागला. टक्, टक्, टक्. तुकड्याखाली माल नीट भरला असेल तर आवाज घट्ट येतो. हवा राहिली असेल तर बद्द. त्याचा सगळा भाग टणटणीत वाजला. मग तो माझ्या कोपऱ्यात सरकला. बैलाचं तोंड ठीक. वशिंड ठीक. शेपटाकडं आला, थांबला, परत ठोकलं, कान खाली नेला. वर माझ्याकडं पाहिलं. डोळ्यांत काही नव्हतं, निव्वळ कामाचं बोलणं होतं.

“गुरुजी, हितं पोकळ वाजायलंय.”

मला वाटतं, इतक्या वर्षांनी तो वर्ग पुन्हा हसला. फक्त यावेळी मला ऐकू आला. त्याला आठवत होतं का? मी चेहरा निरखून पाहिला. त्याला नव्हतं आठवत, किंवा त्यानं तसं दिसू दिलं नाही. दोन्हींत माझीच लाज होती.

नामदेवांचं जन्मस्थान म्हणून ज्या नर्सीला लोक माथा टेकतात ती आमच्या घरापासून फार लांब नाही. आणि त्या नामदेवांचीच गोष्ट अशी की धाराशिवकडच्या तेरला, गोरोबा कुंभाराच्या घरी संत जमले असता मुक्ताबाईनं विचारलं, हे थापटणं कशाला? गोरोबा म्हणाले, मडकं पक्कं की कच्चं ते बघायला. मग त्यांनी एकेकाच्या डोक्यावर ते मारून पाहिलं. सगळे गप्प बसले, नामदेव तेवढे चिडले. गोरोबांनी सांगितलं, हे मडकं कच्चं. त्यानंतर नामदेव गुरू शोधत कुठं गेले? विसोबा खेचरांकडं, आमच्या औंढ्याला. कच्चं ठरलेल्या माणसानं पुढं काय केलं ते अख्ख्या पंजाबलाही ठाऊक आहे. त्यांची पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत. मी ही गोष्ट वर्गात किती वेळा सांगितली. दरवेळी गोरोबाच्या बाजूनं सांगितली. थापटणं माझ्या हातात होतं ना.

“उकरू का?” मिस्त्रीनं विचारलं. “परत बसवतो. दोन तासाचं काम.”

“राहू दे,” मी म्हणालो. “कच्चं आहे ते कच्चं राहू दे. निघाला तुकडा तर मीच बसवीन.”

आणि ते निघतातच. पहिल्या पावसात शेपटाजवळचे दोन निघाले, पोळ्याच्या सुमारास मागच्या खुराचा एक. मिस्त्रीचा भाग ढिम्म आहे. माझा कोपरा मात्र अजून चालू आहे. संध्याकाळी माय बाजेवरून उतरून तिथंच बसते, बैलाच्या पाठीवर पाय ठेवून. बोटांनी कधी कधी पांढरे तुकडे चाचपते. लोणच्याचा वास येतो म्हणते. मी वाकून पाहिलंय. येत नाही. पण व्याकरण तिचं आणि नाकही तिचं.

गल्लीत ही बातमी पसरली तेव्हापासून आमच्या घराचा लौकिक बदलला. समोरच्या काकू फाटकातून विचारतात, “गुरुजी, बशी वाढली, चालंल का?” वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी अख्खा सहाचा सेट दिला, त्यातले पाच शाबूत होते. जोडी मोडली म्हणून नको, म्हणाल्या. जिन्याखाली आता तीन बादल्या आहेत. बायको त्यांच्याकडं बघत नाही, पण एकदा मी नसताना तिनं रंग वेगळे करून ठेवलेले आढळले.

परवा शेजारचं पोरगं आलं, दुसरीतलं. हात पाठीमागं. फाटकाशी बराच वेळ उभं राहिलं. मग आवंढा गिळून म्हणालं, “आबा, माझ्या हातून आजीचा कप वाढला.”

तीस वर्षांच्या सवयीनं माझं बोट वर उचललं गेलं होतं. ते तसंच खाली आणलं आणि विचारलं, “कोणत्या रंगाचा?”